फूल आलं, भाजी गेली

भाद्रपदात सह्याद्रीच्या कुठल्याही पठारावर गेलात तर माणसं दोन प्रकारची दिसतात. उभी आणि आडवी. उभी माणसं फुलांना पाठीशी घेऊन स्वतःचे फोटो काढतात. आडवी माणसं पोटावर पालथी पडलेली असतात. चष्मा कपाळावर, कोपर चिखलात आणि मोबाइल गवतात खुपसलेला. मी आडव्यांपैकी. यात निसर्गापुढे नतमस्तक वगैरे होण्याचा भाग नाही. आपली बरीचशी रानफुलं शर्टाच्या बटणाएवढी असतात आणि उभ्याने फोटो काढला तर ती फोटोत डागासारखी येतात, एवढंच कारण.

माणूस रस्त्याच्या कडेला असा पालथा दिसला की चौकशी होणारच. गुरं घेऊन निघालेल्या एका मावशींनी विचारलं, ‘‘काय पडलं का रं बाबा? पैसं का किल्ली?’’ म्हटलं, ‘‘नाही मावशी, फुलाचा फोटो काढतोय.’’ त्यांनी वाकून पाहिलं आणि सरळ झाल्या. ‘‘टाकळा हाय त्यो. आता काय करायचाय? फूल आलं, भाजी गेली.’’

तेव्हापासून मला आमच्या सगळ्या छंदाबद्दलच जरा शंका येते. टाकळा काय, कुर्डू काय, त्यांचा खरा मोसम आषाढातला. पानं कोवळी असतात, लसूण-मिरचीची फोडणी तयार असते. तेव्हा आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकत नाही. झाड जून झालं, मावशींनी त्याचा नाद सोडला, की आम्ही लेन्स पुसत हजर. भारंगीपाशी मात्र आमची गाठ पडते, कारण तिच्या फुलांचीही भाजी होते. तिथे फोटोग्राफरने चपळाई दाखवावी. उजेड कुठून येतोय, मागची पार्श्वभूमी कशी दिसतेय, याचा विचार होईपर्यंत निळसर-जांभळा अख्खा तुरा ओच्यात गेलेला असतो.

सड्यावरची मंडळी वेगळी. तिथे भाजीचा प्रश्न येत नाही, उलट तीच दुसऱ्यांना खातात. जांभ्याच्या कातळावर माती असते जेमतेम बोटभर, आणि त्यातलं नत्र पाऊस धुऊन नेतो. मग काहींनी मांसाहार पत्करला, तोही ऐन श्रावणात. दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब धरून बसते. किडा टेकला की अडकला. मग शेजारचे केसही सावकाश त्याच्यावर वळतात. सीतेची आसवं तर दिसायला इतकी हळवी की जांभळ्या फुलांनी भरलेला सडा पाहून भल्याभल्यांना कविता होते. पण खाली ओल्या मातीत त्यांच्या बारीक बारीक पिशव्या असतात, आणि जवळून जाणारा पाण्यातला सूक्ष्म जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढला जातो. कंदीलपुष्प त्या मानाने सज्जन. ते माशीला खात नाही, फक्त डांबून ठेवतं. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे माशीला शिरता येतं, निघता येत नाही. केस सुकले की सुटका. जाताना परागांचं गाठोडं तिच्या अंगाला चिकटवलेलं असतं. आपल्याकडे काही लग्नघरांतून पाहुण्यांना असंच सोडतात.

एवढं सगळं फोटोत येतं का? नाही येत. पठारावर वारा सतत असतो. फूल डावीकडे झुकलेलं असताना मोबाइल उजवीकडच्या गवताच्या पात्याला फोकस करतो, आणि ते पातं मात्र अप्रतिम येतं. जांभळा रंग बहुतेक मोबाइलना मान्य नाही. ते त्याला निळा करून टाकतात. वाऱ्याला उपाय एकच, श्वास धरून वाट पाहणं. या वाट पाहण्यात जे बघून होतं, तेच पुढे लक्षात राहतं. फोटो नंतर मोबाइल भरला म्हणून आपणच पुसतो.

वाट पाहायला लावण्यात कारवीचा हात कुणी धरणार नाही. सात वर्षं नुसती पानं. मग आठव्या वर्षी अख्खे डोंगर जांभळे होतात, बी धरतं आणि झाडं मरून जातात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. आता २०३२. तोवर गुडघे शाबूत ठेवणं आपल्या हातात.

कास पठारावर जरूर जावं. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते आहे, आणि तो मान रास्तच आहे. पण ऑनलाइन बुकिंग हुकलं म्हणून हळहळणाऱ्याने खाली उतरून सोसायटीच्या कंपाउंडपाशी बसावं. तिथे केना असतो. निळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटून जातं, त्यामुळे दहाचा चहा घेऊन निघणाऱ्यांना ते भेटत नाही. शिवाय केना जमिनीखालीही फुलं धरतो. ती कधीच उमलत नाहीत, अंधारातच त्यांचं बी तयार होतं. वरचं फूल माळ्याने उपटलं तरी खालची तजवीज झालेली असते. लाइकची इतकी बेपर्वाई माणसात आढळत नाही.

आता सक्युलंट. घरोघरी खिडकीत चहाच्या कपाएवढ्या कुंड्या आल्या आहेत, त्यांत मेक्सिकोचे नाहीतर दक्षिण आफ्रिकेचे पाहुणे. बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा अमेरिकेहून आलेला. आमची घरची मांसल वनस्पती आहे शिंदळ माकुडी. जगात ती फक्त महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या कड्यांवर उगवते. पावसाळ्यात पानं धरते, उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या जाड दांड्यांनिशी कातळाला बिलगून राहते. फूल म्हणजे पिवळ्या नक्षीची, तपकिरी-लाल, पाच टोकांची चांदणी. देखणी खरीच, पण नाक जवळ नेऊ नये. तो वास माश्यांसाठी आहे. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. साहेबांनी फुलाचा वास घेऊन पाहिला होता का, कोण जाणे.

गंमत अशी की तिची फांदी कुंडीत खोचली तरी सहज जगते. परदेशातल्या हौशी संग्राहकांकडे ती सुखाने नांदते आहे. हाल आहेत ते कड्यावर, जिथे दरड कोसळते, वणवा लागतो, शेळ्या पोचतात आणि आता आपणही पोचतो. ती कुठल्या कड्यावर आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुम्हीही लिहू नका. फोटो जरूर काढा, पाठवा, फ्रेम करून लावा. जिल्हा सांगितला तरी पुरे. मोबाइलमधलं लोकेशन तेवढं बंद ठेवा, आणि ग्रुपवर कुणी ‘एक्झॅक्ट स्पॉट?’ असं विचारलंच, तर उत्तरादाखल गुलाबाचं चित्र असलेलं ‘शुभ सकाळ’ पाठवून द्या.