सायलो बघायला गेलेत म्हणे!

ऐकलंत का? ईस्टरच्या सुट्टीत मेलबर्नमधली निम्मी मराठी मंडळी म्हणे धान्याची कोठारं बघायला गेली होती. समुद्र नको, पेंग्विन नकोत, ग्रेट ओशन रोड तर पाहुण्यांना दाखवून दाखवून पाठ झालेला. म्हणून चार तास गाडी हाकत व्हिक्टोरियाच्या वायव्येला विमेरा-मॅलीच्या सपाट मुलखात जायचं, काँक्रीटच्या नळकांड्यापुढे मान वर करून उभं राहायचं, "अहाहा" म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या नळकांड्याकडे निघायचं. ज्यांच्या आजोबांची लातूरच्या मोंढ्यात अडत होती आणि जे लहानपणी त्या गोदामाकडे ढुंकूनही बघत नसत, तेच हे! आता सायलोपुढे सहकुटुंब उभे राहतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "तुमचं ब्रिम झालं का?"

झालं का म्हणजे? ब्रिम ही काय काशी आहे?

तर या सगळ्याचं मूळ ऐका. पहिलं पाप 2015 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दॅमला घडलं. एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन, अशा दोन चित्रकारांनी तिथल्या सायलोंवर आपापली चित्रं काढली. पण साथ पसरली ती ब्रिममुळे. ब्रिम म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली दडेल एवढं गाव. रेल्वेलाइनलगत 1939 सालचे सायलो, तीसेक मीटर उंच. पूर्वी गहू पोत्यांतून जायचा, मग मोकळं धान्य साठवण्यासाठी गावोगावी हे खांब उभे राहिले, आणि पुढे मोठमोठी केंद्रं झाल्यावर यांतले बरेचसे रिकामे पडले. पाडायलाही खर्च, म्हणून उभे. अशा निरुद्योगी भिंतीवर ब्रिस्बेनच्या गिडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराची नजर गेली. 2015 च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, हा पठ्ठ्या लिफ्टच्या पाळण्यात चढला आणि जानेवारीत उतरला तेव्हा सायलोवर चार शेतकरी उभे होते. तीन पुरुष, एक बाई. कुणी मंत्री नाही, कुणी क्रिकेटपटू नाही. नावंसुद्धा नाहीत!

आता मला सांगा, एवढ्या मोठ्या आकारात माणूस काढायचा आणि खाली नाव नाही, हे आपल्याकडे कुणी खपवून घेईल? आपल्याकडे दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा, खाली शुभेच्छुकांची चौदा मुंडकी, आणि प्रत्येकाच्या मोबाइल नंबरसकट. ब्रिमच्या त्या चौघांना कसली निवडणूक लढवायची नव्हती बहुतेक. गावात सगळ्यांना ते कोण हे पक्कं ठाऊक असणार, सांगत मात्र कुणी नाही. एवढी मोठी बातमी पोटात ठेवणारं गाव! मला तर तिथे दोन दिवससुद्धा राहवणार नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. ब्रिमला गाड्या यायला लागल्या आणि शेजारच्या गावांना आपल्या कोऱ्या भिंती डोळ्यांत खुपायला लागल्या. यारियाम्बियाक नावाची तिथली स्थानिक पालिका आणि मेलबर्नची जडी रोलर नावाची भित्तिचित्रवाली कंपनी यांनी मिळून रुपान्यपपासून पॅचवॉलकपर्यंत सहा गावांची माळ ओवली. दोनशे किलोमीटरचा रस्ता, आणि त्याला पदवी काय, तर देशातलं सर्वांत मोठं उघड्यावरचं कलादालन! तिकीट नाही, दरवाजा नाही, "चित्रांना हात लावू नये" अशी पाटी नाही. कलादालनात वाऱ्यानं ओढणी उडते आणि माश्या नाकात जातात, हे मात्र कुणी आधी सांगत नाही.

पॅचवॉलकची गोष्ट तर कहर आहे. फिंटन मगी नावाचा चित्रकार तिथे गेला, गावातल्या पबमध्ये मुक्काम ठोकला आणि बिअर पिता पिता कुणाला रंगवावं ते हेरत बसला. तिथला सायलो पस्तीस मीटर उंच आणि अंगानं अरुंद. त्यात मावेल असा माणूस हवा, म्हणून निवड झाली ती एका उंच, शिडशिडीत शेतकऱ्याची! रंग-रूप, शिक्षण, पगार, पत्रिका काही नाही, थेट सायलोचं माप. विटलेला निळा फ्लॅनेलचा शर्ट, उन्हानं भुरे पडलेले केस, बारीक केलेले डोळे, असा तो आता बारा महिने क्षितिजाकडे बघत उभा आहे. आणि पबमध्ये त्या दिवशी जे अंगानं भरलेले लोक बसले असतील, त्यांच्या मनाला काय वाटलं असेल, याचा विचार कुणी केला?

याच वाटेवर लॅसेल्सला त्याहून मोठा धक्का. तिथे आला रोन. हा रोन म्हणजे पडक्या वाड्यांच्या भिंतींवर देखण्या, उदास तरुणींचे चेहरे काढणारा. साहजिकच लोकांच्या अपेक्षा वेगळ्या असणार. आणि त्यानं काढलं काय, तर चार पिढ्या तिथेच शेती करणाऱ्या घराण्यातलं एक वयस्कर जोडपं! नवरा एका सायलोवर, बायको दुसऱ्या सायलोवर. रंगात पाणी मिसळून इतका फिका हात फिरवलाय की ती दोघं काँक्रीटच्या आतूनच हळूहळू वर आल्यासारखी वाटतात. चेष्टा बाजूला ठेवून सांगते, सगळ्या वाटेवर मला ब्रिमच्या खालोखाल हेच आवडतं. नवराबायको शेजारी-शेजारी आणि कुणीच काही बोलत नाही, यातलं सत्य ज्यानं लग्न निभावलंय त्यालाच कळेल.

बरं, लांबून चेहरा दिसतो, पण जवळ गेलात तर काही म्हणजे काही दिसत नाही. नाकाशी काँक्रीट आलं की तिथे फक्त राखाडी-तपकिरी फवारे, आणि साच्याच्या आडव्या रेघा. ज्याला तुम्ही डाग समजता ती भुवई असते. भिंत गोल, त्यामुळे सरळ रेघ वर जाताना वाकडी होते आणि दोन नळकांडी जिथे एकमेकांना चिकटतात त्या खाचेत अख्खा कान गडप होतो. चित्रकार पाळण्यात, भिंतीपासून हातभर अंतरावर, त्याला स्वतःलाच चित्र दिसत नाही. खाली उतरून पार लांब जायचं, बघायचं, पुन्हा वर. त्यात वारा सुटला की पाळणा खाली आणि काम बंद. हे ऐकल्यावर मी जरा गप्प बसले, पण थोडाच वेळ.

कारण त्यानंतर लोकांनी ताळतंत्रच सोडलं. शीप हिल्सला ॲडनेट नावाच्या चित्रकारानं तिथल्या मूळ रहिवाशांपैकी दोन वडीलधारी आणि दोन मुलं चांदण्यांच्या आकाशापुढे रंगवली, तिथवर ठीक होतं. त्या जमिनीवर आधी हक्क कुणाचा, हे निदान कुठल्यातरी भिंतीवर आलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूनलपिनला गावच्या शाळेतली पाच मुलं सायलोवर चढली. हेही समजू शकतं. पण नलाविलला स्मग नावाच्या चित्रकारानं काढला कुत्रा! केल्पी जातीचा, शेजारी चौकड्यांच्या शर्टातला मालक. कुत्र्याच्या अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा असा. आणि गूरम्बॅटला घुबड. आपल्याकडे घुबड भिंतीवर काढलं असतं तर गाव रिकामं झालं असतं. धान्याच्या कोठारावर उंदीर खाणारा पक्षी म्हटलं तर नेमणूक योग्यच, फक्त हजर राहायला कित्येक वर्षं उशीर झाला.

2018 मध्ये टपाल खात्यानं या सायलोंची तिकिटं काढली आणि मग विचारूच नका. देशभरात रंगवलेल्या सायलोंनी पन्नाशी केव्हाच ओलांडली. आता यादी करून फिरणारे लोक आहेत, कॅरव्हॅन घेऊन निघालेले निवृत्त लोक आहेत, आणि आमच्यातलेही आहेतच. डबे भरून धपाटे, ठेचा, दोन फ्लास्क चहा, मागच्या सीटवर "अजून किती?" करणारी पोरं. सीलेकजवळ टायरेल हे व्हिक्टोरियातलं सर्वांत मोठं खारं सरोवर आहे, त्यात आकाश उलटं दिसतं म्हणतात. पण ही मंडळी आधी गावातला सायलो उरकणार, मग वेळ उरलाच तर सरोवर. त्या मुलखात गहू पिकतो म्हणून हे खांब उभे राहिले; त्या गव्हाचा एक फोटो कुणी ग्रुपवर टाकला असेल तर शपथ. चालू सायलोपुढे थांबायला कुणाला वेळ नाही, कारण त्यावर चित्र नाही. बिचारा नुसताच धान्य भरून उभा!

आणि आणखी एक खबर वूमेलांगची. त्यांनी शेतात ओढून नेता येतात असल्या छोट्या फिरत्या कोठ्याच रंगवून घेतल्या, प्रत्येकीवर त्या भागातला एकेक धोक्यात आलेला प्राणी. फिरत्या म्हटल्याबरोबर आमच्या मंडळाच्या खजिनदारबाईंचे डोळे चमकले. परवाच विचारत होत्या, गणपतीला हॉलच्या बाहेर उभी करायला एखादी भाड्यानं मिळेल का, आणि उंदराची असेल तर फारच उत्तम.