मैदान आधी, माणूस मागाहून

प्राधान्यक्रम कसा ठरवावा, हे न्यू ऑर्लिन्सकडून शिकावे. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळ आले, बांध फुटले, शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. हजारो माणसे सुपरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये आसऱ्याला गेली. छत फाटले, वीज गेली, संडास तुंबले. अशा वेळी शासन हातावर हात ठेवून बसत नाही. जेमतेम तेरा महिन्यांत स्टेडियम नवे कोरे झाले. गरिबांचे चॅरिटी रुग्णालय तेवढे पुन्हा उघडले नाही. रुग्णाला तिकीट लावता येत नाही, ही त्यातली अडचण आपण समजून घ्यायला हवी.

25 सप्टेंबर 2006 ला याच स्टेडियममध्ये शहराच्या सेंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने अटलांटाच्या संघाला 23-3 असे लोळवले. घर गमावून ट्रेलरमध्ये दिवस काढणारी माणसेही त्या रात्री आनंदाने रडली, आणि ते रडणे अगदी खरे होते. टीकाकारांची पंचाईत होते ती इथेच.

तेव्हा बेघरांना एक नम्र सूचना. घराचा अर्ज करताना नकाशात सत्तर हजार आसने दाखवावीत, परसात गोलखांब रोवावेत, स्वयंपाकघराला प्रायोजकाचे नाव द्यावे. मंजुरी हातोहात मिळेल.

2005 चा धडा मात्र प्रशासन विसरले नाही. 2008 मध्ये गुस्ताव वादळ येताना आधीच जाहीर झाले, की यंदा सुपरडोम आसऱ्यासाठी उघडणार नाही. 1 सप्टेंबरला वादळ किनाऱ्यावर धडकले. 7 तारखेला सेंट्सचा सामना होता. दारे वेळेवर उघडली.