इंटर्नने वर्ष कसे काढावे

साडेचार वर्षे पुस्तके घोकून एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेल्या इसमास पुढचे १२ महिने रुग्णालयात जे करावे लागते, त्यास इंटर्नशिप म्हणतात. माझ्या भाचीची सोमवारपासून सुरू होते आहे. ताईने दारावर ‘डॉ.’ची पाटी आधीच ठोकली आहे. सबब पुढील सूचना.

पद. इंटर्न हा वॉर्ड आणि लॅब यांच्यामध्ये धावणारा प्राणी होय. मुलगी असल्यास गळ्यात दोन स्टेथोस्कोप घातले तरी नातेवाईक ‘ओ सिस्टर’ अशीच हाक मारतात आणि मागून स्ट्रेचर ढकलत येणाऱ्या मामांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात. मामा चूक दुरुस्त करत नाहीत. मी एकदा केली. “आजी, मी डॉक्टर आहे.” आजी म्हणाल्या, “बरं बरं. मग सिस्टर, डॉक्टर कधी येणार?”

रक्त. बल्बांचा क्रम पाठ करावा: निळा, लाल, जांभळा, करडा. निळा खुणेपर्यंतच भरावा. कमी-जास्त झाला तर गोठण्याची तपासणी चुकते. जांभळा सीबीसीचा, तो हलकेच आठ-दहा वेळा उलटासुलटा करावा, सरबताच्या बाटलीसारखा हलवू नये. सिरिंज जोराने दाबून रक्त बल्बात मारू नये, पेशी फुटतात आणि ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा येतो. जांभळ्याआधी लाल का? जांभळ्यात पोटॅशियमचा क्षार असतो. त्यातला थेंब लालमध्ये गेला, की धडधाकट माणसाचे पोटॅशियम भयंकर वाढलेले दिसते आणि रात्री दोन वाजता ईसीजीचे मशीन ओढत नेऊन त्याला झोपेतून उठवावे लागते. हे मला कुणी शिकवले नाही. मी मशीन ओढले.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. रिपोर्ट सलाईनचा येतो.

शुद्धलेखन. चिठ्ठीवर ‘सुनिता’ आणि क्रॉसमॅचच्या बल्बवर ‘सुनीता’ असेल, तर रक्तपेढी नमुना परत पाठवते. लिफ्ट बंद असते. ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व शाळेत कधी कळले नाही, ते चौथ्या मजल्यावर कळते. चिडू नये, त्यांचे बरोबर असते.

जेआर वन. म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. वयाने वर्ष-दोन वर्षांनी मोठा, चेहऱ्याने दहा. ‘जेवलात का’ याखेरीज त्यास प्रश्न विचारू नये.

नीट-पीजीचा अभ्यास. लॅबच्या खिडकीपुढच्या रांगेत होईल तेवढा.

शीर. इंट्राकॅथ हिरवा १८ नंबर, गुलाबी २०, निळा २२, लहान मुलांना पिवळा २४. अपघाताच्या पेशंटला जाड हिरवाच लावावा, रक्त भरभर चढवता येते. एवढे तोंडपाठ असूनही शीर सापडत नाही. एका शेतकरी काकांना मी तीनदा टोचले. ते म्हणाले, “टोच बाय, दुसरा हात हाय की.” मला रडू आले. रात्रपाळीच्या सिस्टरांनी माझे बोट धरून त्यांच्या कोपराच्या खोबणीत ठेवले. “डोळ्यांनी शोधू नकोस. हात खाली सोडायला सांग, आणि बोटाखाली दबून पुन्हा वर येतं ना, तिथं टोच.” लागली. अख्ख्या वर्षातला माझ्या मते हाच एक तास शिकवणीचा, बाकी हमालीच.

मावशी. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. रात्री फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, “बावीस नंबर बरोबर दिसत न्हाई,” तर हातातले काम टाकून जावे. मी म्हटले होते, “आत्ताच तर बीपी घेतलाय.” मावशी मला एरवी ‘पोरी’ म्हणायच्या. पाच मिनिटांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, चला.” मी धावले. आजोबा घामाने थबथबलेले, हाक मारली तर नुसते ऊं. संध्याकाळी इन्सुलिन घेतले होते आणि जेवण तसेच ठेवले होते. ग्लुकोमीटरवर ३२. जेआर वनला उठवले, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिले. थोड्या वेळाने आजोबांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिले.

“सिस्टर, च्या मिळंल का?”

मी आणायला गेले.