मंगळवार, १ जानेवारी १९८०

हार्ड डिस्क नसलेल्या पीसीत डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचा मुक्काम कायमचा नसे. दर वेळी फ्लॉपीवरून ती आत घ्यावी लागे. १९९०च्या आसपास वर्तकनगरसारख्या वसाहतीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हे काम सोवळ्यात चाले. चपला दाराबाहेर, पडदे ओढलेले, एसी विद्यार्थ्यांसाठी नव्हे तर यंत्रासाठी. सव्वापाच इंची, ३६० केबीची फ्लॉपी पाकिटातून कडेला धरून काढायची, ए ड्राइव्हमध्ये सरकवायची आणि खटका पाडायचा. खटका विसरणारा प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असेच.

बटण दाबल्यावर यंत्र आधी स्वतःला तपासते. मेमरीचा आकडा ६४० केबीपर्यंत चढतो, बीप वाजते, ड्राइव्हचा दिवा लागतो. पुढचा कारभार सरकारी कचेरीसारखा. रॉमला एवढेच ठाऊक की फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचायचा. त्या ५१२ बाइटांना एवढेच ठाऊक की आयओ.सिस कुठे बसतात. ते एमएसडॉस.सिसना उठवतात, कॉन्फिग.सिस असलीच तर चाळली जाते आणि शेवटी कमांड.कॉम खिडकी उघडतात. पूर्ण काम एकालाही माहीत नसते, तरी फाइल पुढे सरकते. फ्लॉपी साधी, डॉस नसलेली निघाली, तर दुसऱ्याच टेबलावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा शेरा पडून प्रकरण परत येते.

ऑटोएक्झेक.बॅट नसेल तर खिडकीवर पहिला प्रश्न तारखेचा. बॅटरीवरचे घड्याळ नसलेल्या यंत्राच्या हिशेबी रोजच मंगळवार, १ जानेवारी १९८० असतो. विद्यार्थी देशाभिमानाने १५-८-९० टंकतो आणि ‘इनव्हॅलिड डेट’ ऐकून घेतो. डॉसला महिना आधी लागतो आणि पंधरावा महिना अमेरिकेतही नाही. पाच ऑगस्टला मात्र तक्रार होत नाही, यंत्र निमूटपणे आठ मे लिहून घेते. अनुभवी मंडळी नुसते एंटर दाबत. त्यामुळे कित्येक क्लासमधली पत्रे आणि पगारपत्रके त्या एकाच मंगळवारी तयार झाल्याची नोंद आहे.

तारखेमागून वेळ विचारून झाली की ए आणि त्यापुढे बाणाचे टोक उमटते. डॉस आली, पण पुरती नव्हे. मोठा प्रोग्रॅम चालला की कमांड.कॉमचा काही भाग मेमरीतून पुसला जातो आणि प्रोग्रॅम संपताच यंत्र पुन्हा तीच फ्लॉपी मागते. ती कपाटात ठेवून, कुलूप लावून सर जेवायला गेले असतील, तर त्या दिवसाची बॅच तिथेच सुटे.