रविवारच्या घरबघ्यांस अनावृत पत्र

रा. रा. रविवारचे घरबघे यांसी,


विलेपार्ले पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांमधून वन बीएचके बघत आपण फिरता, आणि दारात चपला काढता काढताच ‘रीडेव्हलपमेंट कधी?’ असं विचारता, याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. सत्तरच्या दशकातली तळ अधिक तीन मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, घर जेमतेम चारशे चौरस फुटांचं. असल्या घराकडे बघण्यात वेळ दवडणं आपल्याला कसं परवडणार? आपण थेट त्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरमधलं टू बीएचके बघता. त्याची बाल्कनी, त्याचं पार्किंग, सातव्या मजल्यावरचा वारा, सगळं आपल्याला दिसतं. एजंटला तर ते आपल्याहूनही स्पष्ट दिसतं. अडचण इतकीच, की पैसे आज द्यायचे असतात आणि करारनाम्यात वर्णन येतं ते याच जुन्या घराचं.

म्हणून एक उद्धट सूचना करतो. हे घर पुढची पंधरा वर्षं आहे असंच राहणार आणि आपण त्यातच राहणार, असं धरून त्याची किंमत करून बघा. त्या हिशेबात परवडलं तर घ्या. टॉवर झालाच तर तो वरकड लाभ समजा, पण त्याचे पैसे आगाऊ मोजू नका.

आपण लगेच नियम दाखवाल, आणि नियम खरोखरच आपल्या बाजूचा आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधील 33(7)(ब) प्रमाणे 30 वर्षांहून जुन्या सोसायटीला पुनर्विकासात वाढीव क्षेत्र मिळतं: सध्याच्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा दर घरामागे 10 चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल ते. चारशे चौरस फूट म्हणजे सुमारे 37 चौरस मीटर. त्याचे 15 टक्के साडेपाचच्या आसपास भरतात, म्हणजे इथे 10 चा आकडा लागू होतो. थोडक्यात, लहान घरांच्या इमारतीला हा नियम मोठ्या घरांच्या इमारतीपेक्षा प्रमाणाने जास्त देतो. मात्र हे क्षेत्र मिळतं प्रकल्पाला. त्यातलं सभासदाच्या पदरात किती पडायचं, हे बिल्डरशी होणाऱ्या करारात ठरतं, आणि बिल्डर येतो तो विकायच्या वरच्या मजल्यांसाठी. त्यात पार्ले विमानतळाच्या कुशीत आहे. इमारतीची उंची किती असावी याबाबत विमानतळ प्राधिकरणाचा शब्द शेवटचा असतो. कागदावर मंजूर झालेला एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र, त्या उंचीत बसला नाही, तर वरचे मजले नाहीत. आणि वरचे मजले नाहीत तिथे बिल्डर कशाला येईल?

त्याआधीचा प्रश्न तर आपण विचारतच नाही: जमीन कोणाच्या नावावर आहे? 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत मूळ विकासकाने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं असतं. इतक्या सोसायट्यांना ते मिळालं नव्हतं, की 2008 मध्ये कायदा बदलून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय करावी लागली. ज्या सोसायटीच्या मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मालकाचं नाव आहे, तिथल्या पुनर्विकासाच्या गप्पा चहापुरत्या चांगल्या. आपण मात्र किचन ओट्याचा ग्रॅनाइट बोटाने वाजवून बघता. ग्रॅनाइट आठ दिवसांत बदलता येतो हो.

बदलता येत नाही तो इमारतीचा सांगाडा. सत्तरच्या दशकात मुंबईच्या बांधकामात खाडीची वाळू सर्रास वापरली गेली. ती नीट धुतलेली नसली, तर तिच्यातले क्षार सळईला गंज चढवतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. नव्याने रंगवलेल्या छतावरून यातलं काही कळत नाही; ते कळतं संरचनात्मक तपासणीच्या अहवालातून. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 30 वर्षांवरच्या इमारतीची ही तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. अहवाल मागा. नुसता ‘झालंय ऑडिट’ हा चिटणीसांचा शब्द नको, कागद बघा. त्याच बैठकीत सिंकिंग फंडाची शिल्लकही विचारून घ्या. हा निधी उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दराने दरवर्षी जमवायचा असतो, आणि हा बांधकाम खर्च इमारत बांधली तेव्हाचा. समजा तेव्हा एका घराला 40 हजार लागले असतील, तर वर्षाला जमतात शंभर रुपये. सर्वसाधारण सभेने शहाणपणा करून दर वाढवला नसेल, तर खांबांच्या दुरुस्तीचं बिल नव्या सभासदाच्या, म्हणजे आपल्याच, स्वागताला तयार असतं.

आपला दुसरा आक्षेप रास्त आहे. विकणारा भावात टॉवरची आशा धरूनच बसलेला असतो. आपण एकट्याने ती वजा केली तर घर दुसरा घेऊन जाईल. जाऊ द्या. ती आशा विकत घेणाराही पुढे ती कोणाच्या तरी गळ्यात घालायलाच बघणार, आणि वाट बघण्याच्या काळात हप्ता त्याने भरायचा आहे, चिटणीसांनी नाही. शिवाय आशा वजा केली म्हणजे घर कवडीमोल होतं, असं थोडंच आहे? पार्ले टिळक विद्यालय 1921 पासून आणि लोकमान्य सेवा संघ 1923 पासून इथे आहेत, स्टेशन चालत गाठता येतं, भाजी दाराशी मिळते. या गोष्टींना कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. त्यांच्यासाठी जरूर चार पैसे जास्त मोजा. (पार्ले बिस्किटांचा वास मात्र 2016 मध्ये इथल्या कारखान्याबरोबरच गेला. एजंट अजून तो भावात धरत असल्यास तेवढा वळता करून घ्यावा.)

आणि घर लहान आहे म्हणाल, तर ते आहेच. पण जुन्या करारातलं क्षेत्र बिल्टअप आहे की कार्पेट, हे न विचारता आपण दोन घरांचा दर चौरस फुटावर पडताळता, तेव्हा ते आपल्या समजुतीहूनही लहान असू शकतं. पुढच्या रविवारी टेप घेऊन या. मोजताना भिंती सोडून मोजा, आणि जिने चढताना मजलेही मोजा. साठीनंतर त्यांची संख्या वाढते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सभासद (थकबाकी नसलेला)