मुदत संपलेल्यांची सोय

आमच्या घरात टाकून देणे हा प्रकार नाही. त्यामुळे मुदत संपलेली क्रेडिट कार्डं कपाटाच्या खणात निवांत पेन्शन खात होती. एक तर आईने नोकरीला लावलं होतं. पोळपाटाला चिकटलेली कणीक खरवडायला पाऊण मिलिमीटर जाडीचं ते प्लास्टिक म्हणे फार सोयीचं.

बाबा बँकेतून निवृत्त. "मुदत संपली म्हणून नंबर मरत नाही," ते म्हणाले. खरंच आहे. नवं कार्ड येतं तेव्हा बऱ्याचदा नंबर तोच असतो. बदलते ती तारीख आणि मागचे तीन आकडे. रविवारी चहानंतर कात्री निघाली.

कार्डाचे मधोमध दोन तुकडे करून समाधान मानणाऱ्यांना बाबा बावळट समजतात. असे तुकडे सेलोटेपने पुन्हा जुळतात. आधी सोनेरी चिप, बरोबर मधून. मग मागची काळी पट्टी, मग नंबर, मग ते तीन आकडे. आईला नंबर नसलेली एक कड मिळाली, तीही सही तपासून.

शेजारचे काका सल्ला द्यायला आलेच. "जाळून टाका की!" बाबा कडाडले, "पीव्हीसी आहे, विषारी धूर होईल!" काकांनी मग लोहचुंबक आणलं. त्याने पट्टी बिघडेल एक वेळ, चिप ढिम्म हलत नाही. शेवटी त्यांनी मुलाचं धातूचं कार्ड पुढे केलं. त्यावर आमची कात्रीच वाकली. असली कार्डं बँकेकडेच परत द्यावीत, हे बाबांनी कात्रीकडे बघत सांगितलं.

सगळे तुकडे एकाच कचऱ्यात टाकायचे नाहीत, हाही नियम. "उरलेले ठाण्याला टाक, सासुरवाडीला जाशील तेव्हा." जावयाने काय न्यावं याला काही मर्यादा?

पण प्लास्टिक कापलं म्हणून खातं बंद होत नाही. त्यासाठी अर्ज लागतो. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे. नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ग्राहकाला 500 रुपये. हे कळल्यावर अर्ज देऊन बाबा कालनिर्णयावर रोज फुली मारू लागले. एवढ्या व्याजाची ठेव त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

बँकेने मुदतीच्या आत कार्ड बंद केलं. बाबांचा चेहरा पडला.

परवा दुसऱ्या कुठल्याशा बँकेचा फोन आला, आयुष्यभर मोफत कार्डाचा. एरवी ताडकन फोन ठेवणारे बाबा खुर्ची ओढून बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "ते राहू दे ताई, बंद करायला तुमच्याकडे साधारण किती उशीर होतो?"