पंधरा क्विंटलचं मनगट

इटियाडोहच्या लाभक्षेत्रात घड्याळाची अशी गरज कुणाला नव्हतीच. 1970 साली गाढवी नदीवर धरण झालं आणि तेव्हापासून गोठणगाव-अर्जुनीपासून पार वडसा-आरमोरीकडचा वेळ पाटाच्या पाण्यावर चालतो. पाणी सुटलं आणि पाणी अजून सुटायचं आहे, असे काळाचे दोनच प्रकार. तिसरा लग्नाच्या मुहूर्ताचा, पण तो फक्त पत्रिकेवर छापण्यासाठी असतो. अशा मुलखात जुनं का होईना, पण स्विस घड्याळ घ्यायचं म्हणजे लोकांना खुलासा द्यावा लागतो. माझ्याकडे खुलासा नव्हता. हौस होती.

हौस लागली ती नागपूरच्या साळ्यामुळे. मे महिन्यातलं लग्न, मंडपात कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता आणि हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उभा. उजव्या बाहीची गुंडी लावलेली, डावी बाही मात्र दोन इंच वर. अक्षता टाकताना सगळे उजवा हात वापरत होते, हा डावा. जेवणाच्या पंगतीत त्याने मला हळूच सांगितलं, "भाऊजी, स्विस आहे. प्री-ओन्ड." मी भाताचं आळं करता करता विचारलं, "म्हणजे कुणीतरी वापरलेली?" तो म्हणाला, "या लाइनीत तसं बोलत नाहीत."

योगायोगाने त्याच महिन्यात सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता जमा झाला. घरची देणीघेणी भागवून पस्तीस हजार उरले. बायको म्हणाली, "येवढ्यात चांगला फ्रिज येते." मी म्हटलं, फ्रिज मनगटावर बांधता येत नाही. ती म्हणाली, "घडीत दूध ठेवता येते का?" हा वाद तिथेच थांबवणं माझ्या हिताचं होतं.

आमच्याकडे कुठलीही किंमत धानात मोजल्याशिवाय खरी वाटत नाही. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव 2,300 रुपये क्विंटल होता. म्हणजे माझं बजेट पंधरा क्विंटलचं. रोलेक्सची स्टीलची सबमरिनर नवी घ्यायची तर तेव्हा दहा लाखांच्या आसपास, म्हणजे सव्वाचारशे क्विंटलच्या वर. हा आकडा मी बाबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ बांधीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुनी घे मंग. जुनी सस्ती असंल."

इथे खरी गंमत आहे. दुकानातून घड्याळ बाहेर पडलं की बहुतेक कंपन्यांच्या मालाची किंमत धाडकन उतरते, आणि आमच्यासारख्यांचं भलं होतं ते तिथेच. पण रोलेक्सच्या काही मॉडेलांचं उलटं असतं. नवी सहजी मिळत नाही, दुकानात नाव नोंदवून बसावं लागतं, म्हणून वापरलेली नव्यापेक्षा महाग विकली जाते. बाबांना नंबर लावणं नवीन नव्हतं. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाची पोती घेऊन त्यांनी उभा जन्म नंबर लावला. पण तिथे माल द्यायचा असतो. पैसे द्यायलासुद्धा नंबर लावायचा, आणि तो चुकवायचा असेल तर उष्ट्या घडीला जास्तीचे पैसे मोजायचे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. "जुना ट्रॅक्टर नव्यापेक्षा महाग कोनी इकला रे?" असं त्यांनी विचारलं. अर्थशास्त्रात बी.ए. असूनही मला उत्तर देता आलं नाही.

मी त्यांना मोठमोठे दाखले दिले. नट पॉल न्यूमनची वापरलेली रोलेक्स 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली. बाबांनी न्यूमनचं नाव ऐकलं नव्हतं. मग मी आमच्या विदर्भाच्या जवळचं उदाहरण काढलं. सेवाग्रामच्या बापूंचं झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला असा संच 2009 साली तिथेच लिलावात निघाला आणि विजय मल्ल्यांनी तो 18 लाख डॉलरला घेतला. अख्ख्या देशात सगळ्यांत साधं राहणाऱ्या माणसाची वापरलेली घडी अख्ख्या देशात सगळ्यांत झोकात राहणाऱ्या माणसाने घेतली. यावर बाबा एवढंच म्हणाले, "गांधीजीची व्हती, मनून. तुले कोनाची भेटनार हाय?"

प्रश्न नेमका होता. माझ्या पस्तीस हजारांत कुणाची तरी मिळणार होती, पण कुणाची आणि त्यातली किती, हेच जुन्या घड्याळांच्या बाजारातलं रहस्य आहे. साळ्याने फोनवरून शिकवणी सुरू केली. त्याचा पहिला धडा फावर-ल्युबाचा. या कंपनीचा भारताशी संबंध 1865 पासूनचा. एके काळी इथल्या वकील-डॉक्टरांच्या हातावर तिची सी चीफ किंवा सी किंग असायची. पुढे कंपनीला अशी उतरती कळा लागली की 2011 साली आपल्या टायटननेच तिला विकत घेतलं आणि काही वर्षांनी दुसऱ्या भारतीय कंपनीला विकून टाकलं. म्हणजे घडी तर सोडाच, इथे अख्खी कंपनीच सेकंडहँड. मला उगाच धीर आला.

त्या घड्या इंटरनेटवर ढिगाने दिसतात. निळी तबकडी, भगवी तबकडी, पोपटी तबकडी, आणि किंमत अशी की संशय यावा. साळ्याने सांगितलं, या "मुंबई स्पेशल". चार मेलेल्या घड्यांचे अवयव काढायचे, तबकडी खरवडून नव्याने रंगवायची, काच बदलायची, डबी पॉलिश करून करून तिचे कोपरे गुळगुळीत करायचे. जगभरचे शौकीन या नावाला ओळखून आहेत. ओळखायची खूण म्हणजे अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळत नाहीत आणि सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत "स्विस मेड" असायला हवं तिथे काहीच नाही. मुळात या कंपनीने पोपटी तबकडी केली तरी होती का, हा प्रश्न विचारायचा. लग्नाच्या बाजारात मुलाची चौकशी करतात तशी. पगार सगळेच सांगतात, कोपरे बघायचे असतात.

एक नमुना मी हातातही घेतला. ओळखीतल्या एकाकडची ती घडी मी अर्जुनीच्या घडीवाल्याकडे नेली. हा गृहस्थ आता एका मोबाइलच्या दुकानाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीमागे बसतो. आजूबाजूला पोरं रिचार्ज मारत असतात आणि हा डोळ्याला भिंग लावून बसलेला, दुसऱ्याच शतकात. त्याने मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, आणि अहवाल दिला, "मशीन ओरिजिनल हाय, सर. बाकी सारे पाव्हने हायत." एवढा नेमका अभिप्राय मी शाळा तपासणीतही कधी ऐकला नाही.

त्यानेच मला सेकंदकाट्याचं ज्ञान दिलं. सेलवरच्या घडीचा काटा सेकंदाला एक उडी मारतो. चावीच्या जुन्या एचएमटीचा सेकंदाला पाच, आणि रोलेक्सचा आठ, म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो. आता नकली माल करणारेही आठ उड्यांचं मशीन घालतात, तेव्हा नुसत्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडच्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र अशी फसवाफसवी नसते. तिथे ताडपत्रीवर मांडलेल्या अडीचशे रुपयांच्या घडीवर सरळ "रोलॅक्स" लिहिलेलं असतं. खऱ्या मुकुटाला पाच टोकं असतात, यात्रेतल्याला मी सहा मोजली. म्हणजे एक टोक वर फुकट.

पाण्याचा धडा मात्र मला पटायला वेळ लागला. घडीवर "30 मीटर" लिहिलं असेल तर ती घालून पोहता येत नाही, हात धुताना चार थेंब उडाले तर चालतं, एवढाच त्याचा अर्थ. इटियाडोहची उंचीही तीसेक मीटरच. म्हणजे ही घडी कागदावर अख्खं धरण सोसते आणि प्रत्यक्षात आमच्या नळाखाली घाबरते. पन्नास वर्षांच्या जुन्या घडीचं तर रबर कधीच वाळलेलं असतं, तिच्यावर काहीही लिहिलेलं असो. बायकोने विचारलं, "मंग लक्झरी कायची?"

शेवटी नागपुरातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून ओमेगा मिळाली. जिनेव्ह मॉडेल, चावीची, स्टीलची, जुनी पातळ ठेवण. तबकडी चंदेरी होती, ती वयाने जराशी पिवळसर झालेली. साळ्याने सांगितल्याप्रमाणे मी मशीनचा फोटो मागितला, आतल्या आकड्यावरून सालाचा अंदाज काढला, तो 1970 च्या आसपासचा निघाला. धरण आणि घडी एका वयाची! एवढ्यावर मी भाव करायचं विसरलो असतो, पण साळा सोबत होता. गृहस्थ अडतीस म्हणत होते, पस्तीसला तयार झाले. तबकडीला हात लावलेला नाही, हे ते इतक्या वेळा म्हणाले की मीही नंतर ते इतरांना त्याच सुरात सांगू लागलो. पिवळेपणाचे जास्त पैसे असतात, हे घरी सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. डबा आणि कागदपत्रं असती तर आणखी महाग गेली असती, म्हणून डबा नसल्याबद्दलही मी समाधान मानलं. वर दर पाचेक वर्षांनी तेलपाणी करावं लागेल, त्याचा खर्च साळ्याने घडी हातात बांधून झाल्यावर सांगितला. शिकवणीतला हा धडा त्याने मागे ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. डावी बाही दोन इंच वर. मुख्याध्यापकांनी बघितलं आणि मनापासून म्हणाले, "वा सर, एचएमटी का? आता भेटत नाही ती." खरंच आहे. बंगळूरला 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला तो कारखाना, आणि 2016 साली सरकारने घड्याळांचा धंदाच गुंडाळायचं ठरवलं. तेव्हापासून जुन्या एचएमटीचे भाव चढलेत. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी द्यायची, त्या काळातली एक बाबांच्या हातावर अजून आहे. घडीवाल्याने तिची मागणी घातली तेव्हा बाबा म्हणाले, "सासऱ्याची वस्तू हाय. सासू जित्ती हाय अजून."

ओमेगाची चिन्हानिशी ओळख पटली ती दहावी 'ब' मध्ये. फळ्यावर लिहिताना पहिल्या बाकावरच्या पोरीने तबकडीवरची खूण पकडली. "सर, रोधाचं एकक!" विद्युतधारेचा धडा नुकताच झाला होता. आता मास्तरच्या हातावर ओहमचं चिन्ह बघून पोरांना वाटलं, बोर्डात यावर नक्की प्रश्न येणार. मी सांगितलं की ही कंपनी 1969 साली चंद्रावर गेलेल्यांची. मागच्या बाकावरून आवाज आला, "हीच घडी गेलती का सर?" ही नाही, हिची बहीण, असं म्हणून मी धडा पुढे नेला. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत माझं नाव "ओहम सर" पडलं होतं, ते अजून टिकून आहे.

खरी कदर झाली ती गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत. 1972 पासून ही नोर्ग्येलिंग वसाहत आमच्या शेजारी आहे. थंडीत इथले लोक स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. मी कुणाकडे तरी गेलो होतो ते लोकरीच्या हिशेबासाठी, पण घरातल्या म्हाताऱ्या आजोबांचं लक्ष सरळ मनगटावर गेलं. त्यांनी घडी मागून घेतली, कानाला लावली, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून सांगू लागले. 1942 साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ल्हासाला दूत पाठवले, त्यांच्या हाती लहानग्या दलाई लामांसाठी सोन्याचं पाटेक फिलिप घड्याळ होतं. घड्याळं उघडून दुरुस्त करायचा परमपावनांना लहानपणापासून नाद. मी भारावून ऐकत होतो. जगातल्या उंची घड्याळांतलं एक नाव, आणि त्याची गोष्ट मला भेटली ती धानाच्या बांध्यांमध्ये. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कितने में लिया, मास्टरजी?" मी आकडा सांगितला. त्यांनी घडी ताबडतोब परत दिली आणि स्वतःची बाही वर केली. आत काळ्या प्लॅस्टिकची कॅसिओ होती. "पानी में भी चलता है," म्हणाले.

दिवाळीनंतर मंडयांच्या जत्रा सुरू झाल्या, गावच्या पोरांनी नाटक बसवलं. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत माणूस एकतर नाटकात असतो, नाहीतर नाटकाला. यंदा नाटकात मुंबईचा कोट्यधीश उद्योगपती होता. रंगीत तालमीला दिग्दर्शक काळजीत. साहेबाचा कोट मिळाला, गॉगल मिळाला, हाताला भारी घडी पाहिजे. मी काही न बोलता ओमेगा काढून दिली. त्याने ती उद्योगपतीच्या मनगटावर बांधली, स्वतः मंडपाच्या टोकाला जाऊन हॅलोजन लावायला सांगितलं, डोळे बारीक करून बघितलं आणि परत येऊन घडी माझ्या हातात दिली.

"राग नका मानू सर. आमाला साहेब दाखवाचा हाय, मास्तर नाही."

प्रयोगाच्या रात्री उद्योगपतीच्या हातावर प्रतापगडच्या यात्रेतली रोलॅक्स होती, पिवळीधमक, शेवटच्या रांगेतून दिसणारी. पहिल्या एन्ट्रीला त्याने डावी बाही मागे सारली आणि शिट्ट्या पडल्या. बायकांच्या बाजूनेही टाळ्या आल्या. त्यातली एक मी आवाजावरून ओळखली, ती आमच्या घरची होती.